माझा पहिला सेंटीमीटर

हो, मीच बोलतेय. मी एक लाकडी पट्टी. अंगावर निळ्या रंगाचे डाग, मागच्या बाजूला कुणीतरी चावल्याच्या खुणा, आणि लांबी विचाराल तर... तिथेच तर सगळं घोडं अडलंय. ते सांगायलाच आज तोंड उघडलंय.

एका सुताराच्या दुकानात, उरलेल्या लाकडातून माझा जन्म झाला. त्याने मला रंधून गुळगुळीत केलं, तापलेल्या ठशांनी अंगावर शून्यापासून तीसपर्यंत आकडे उठवले. चटके बसले, पण मान मिळाला. तेव्हा माझा शब्द प्रमाण होता. मी सहा म्हटलं की सहाच.

मला विकत घेतलं ते पाट्या रंगवणाऱ्या एका माणसाने. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, वाचनालयाच्या पाट्या तो रंगवायचा. माणूस देवभोळा नव्हता, पण अक्षर मात्र देवासारखं जपायचा. अक्षरांच्या वर-खाली पेन्सिलीच्या फिक्या रेघा मारायला त्याला मी लागायचे. मोजायला कधीच नाही. माप त्याचं वितीत आणि डोळ्यांत. त्याच्या लेखी पट्टी म्हणजे सरळ कड, बस्स. माझे आकडे त्याच्या रंगाखाली हळूहळू बुजत गेले. दोनापासून पाचापर्यंत तर काही दिसेनासंच झालं.

त्याला दोन मुली. थोरली शाळेत मोठ्या वर्गात गेली आणि तिने मला कामाच्या पेटीतून उचललं. "बाबा, ही मला राहू दे ना." बाबा म्हणाले, "ने की. मला काय, दाराची चौकटही चालते रेघ मारायला."

थोरली जरा वेगळीच होती. आई तिला कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडे पाठवायची. भाजी आणायची सोडून ही तिच्याशी गप्पा मारत बसायची. आज टोमॅटो कितीला लावलेत? संध्याकाळपर्यंत किती पेट्या रिकाम्या झाल्या? काल महाग होते तेव्हा किती उरल्या? घरी आली की आलेखाच्या कागदावर टिंबं काढायची आणि मला त्यांच्यामधून तिरकी ठेवून रेघ ओढायची. रेघ डावीकडून उजवीकडे खाली उतरायची. भाव चढला की पेट्या उरतात, उतरला की संपतात. आई म्हणायची, "टोमॅटो आणायला पाठवलं की ही टोमॅटोचं चित्र घेऊन येते." पण ते चित्र आईने स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं, हेही सांगायला हवं.

एक दिवस भाजीवालीने आपणहून विचारलं, "ए पोरी, उद्या किती भाव लावू गं?" थोरली तरंगतच घरी आली. त्या दिवशी तिने ठरवलं, पुढच्या वर्गात अर्थशास्त्र घ्यायचं.

शाळेत एक अट होती. वार्षिक परीक्षेत गणितात पन्नास गुण असतील तरच अर्थशास्त्र. का, ते कुणी विचारलं नव्हतं. थोरलीचं गणित फार चांगलं नव्हतं, फार वाईटही नव्हतं. साठपर्यंत जाईल, असा तिचा अंदाज होता.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी ती मैत्रिणीकडे अभ्यासाला गेली आणि मी घरी टेबलावर राहिले. बाबांना रंगाच्या डब्याचं झाकण उघडेना. त्यांनी हाताला लागली ती वस्तू झाकणाखाली खुपसली. ती मी होते. कट्कन आवाज झाला आणि माझ्या टोकाची ढलपी उडाली.

बाबा चपापले. लेकीची परीक्षा, आणि आपण तिची पट्टी मोडली! त्यांनी करवत काढली, एकाच्या आकड्यावरून मला सरळ कापलं, सगळीकडून काचकागदाने घासलं, वर थोडं तेल लावलं. इतकं निगुतीने की मी कापली गेलेय हे कुणाच्या बापाला कळू नये. थोरली आली तेव्हा म्हणाले, "तुझी पट्टी साफ करून ठेवलीय बघ." तिने मला हातात घेऊन गालाला लावलं. म्हणाली, "किती गुळगुळीत झालीय, बाबा!"

मला ओरडायचं होतं. अगं, माझं शून्य गेलं, माझा एक गेला! पहिले आकडे आधीच रंगाखाली बुजलेले. दिसणारा पहिला आकडा सहा, आणि तो आता टोकापासून पाचच सेंटीमीटरवर होता. पण लाकडाला जीभ नसते.

दुसऱ्या दिवशी परीक्षेत मी तिच्या हातात खोटं बोलत राहिले. सात सेंटीमीटरची बाजू काढा, असं प्रश्नात होतं. तिने माझ्या कडेपासून सातापर्यंत रेघ ओढली, ती सहाच भरली. छापलेल्या आकृतीची बाजू मोजा, असं होतं. खरी बाजू आठ, मी सांगितलं नऊ. मग त्यावरून परिमिती चूक, क्षेत्रफळ चूक. पोरगी मन लावून, जीभ दातांत धरून, एकेक उत्तर चुकवत होती.

निकाल लागला. शंभरापैकी सेहेचाळीस. भूमितीत वीसपैकी तीन. उत्तरपत्रिकेवर लाल फुल्याच फुल्या. आणि मला आजही राग येतो तो याचा, की तपासणाऱ्याच्या लक्षात कसं आलं नाही? प्रत्येक माप बरोब्बर एका सेंटीमीटरने चुकलेलं. ज्याला काही येत नाही, तो इतक्या नेमाने चुकत नाही हो! एकदा तरी "बाळ, तुझी पट्टी बघू" म्हणायचं. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय.

विषयाचा फॉर्म भरताना थोरलीने अर्थशास्त्र लिहिलं होतं. वर्गशिक्षिकेने तिला टेबलापाशी बोलावलं.

"अगं, अर्थशास्त्राला गणित लागतं. हे गुण घेऊन कसं झेपायचं तुला?"

"बाई, पण गणित किती लागतं?"

"खूप लागतं."

खूप म्हणजे किती? मी पट्टी आहे, मला असली मापं कळत नाहीत. थोरलीने मात्र मान डोलावली.

"आणि खाडाखोड करू नकोस हं," बाई म्हणाल्या. "पट्टी ठेव आणि एकच सरळ रेघ मार."

तिने मला त्या शब्दावर आडवं ठेवलं. अर्थशास्त्र या शब्दावरून माझ्या कडेने एक रेघ गेली. मापात मी खोटी ठरले होते, पण रेघ मात्र माझी सरळच आली. त्या संध्याकाळी तिने कपाटाच्या आतलं टोमॅटोचं चित्र काढून टाकलं. आईने विचारलं तर म्हणाली, "जुनं झालं होतं."

पुढे ती शिकली, जे मिळालं ते. आज ती तसबिरींना चौकटी करून देणाऱ्या दुकानात काम करते. तिथे पोलादी टेप आहे. मालक येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, "आमच्या बाईंचं माप केसाइतकंही चुकत नाही." हे तिने घरी हसत सांगितलं. मला हसू आलं नाही.

मी धाकटीकडे आले. तिच्या वेळेपर्यंत पन्नास गुणांची अट निघून गेली होती. का, ते याही वेळी कुणी सांगितलं नाही. धाकटीने अर्थशास्त्र घेतलं आणि पहिल्या तासाला मी तिच्या बाकावर होते. अर्थशास्त्राच्या बाई म्हणाल्या, "गणिताची भीती वाटतेय ना? शाळेत शेकडेवारी, सरासरी, आणि दोन रेघा एकमेकींना कुठे छेदतात ते बघता आलं की पुरे. पुढे कॉलेजात गणित वाढतं, ते खरं. पण ते शिकता येतं. बाजारात गेल्यावर प्रश्न पडायला हवेत, ते मात्र मला शिकवता येत नाही."

एवढंच? एवढंच लागत होतं? हे सगळं तर थोरलीच्या त्या चित्रात होतं, कपाटाच्या दाराला चिकटवलेलं!

मागच्या रविवारी सकाळी धाकटी गृहपाठ करत होती. थोरली शेजारी बसून सांगत होती, भाव इकडे, माल इकडे, आता रेघ ओढ. धाकटी म्हणाली, "ताई, तुला कसं गं येतं?" थोरली म्हणाली, "भाजीवालीने शिकवलं."

मग धाकटीने मला आलेखाच्या कागदावर ठेवलं आणि थबकली. "ताई, कागदावर दहा बारीक चौकटींचा एक सेंटीमीटर होतो ना? मग इथे पट्टी दहा म्हणतेय आणि चौकटी नव्वदच कशा?"

थोरलीने मला हातात घेतलं. चौकटी मोजल्या. पुन्हा मोजल्या. माझ्या टोकावरून अंगठा फिरवला. तिचा चेहरा मी इतक्या जवळून कितीतरी वर्षांनी पाहत होते.

बाबा खिडकीपाशी ब्रश धुवत होते. आता हात थरथरतो, पाट्या कमी झाल्यात.

"बाबा, ही पट्टी कधी कापली होती का?"

"हो की. डबा उघडताना टोक मोडलं होतं. तुझी परीक्षा होती बघ उद्यावर. म्हटलं, पोरीला मोडकी पट्टी कशी द्यायची? चांगली तासभर घासत बसलो होतो." ते कौतुकाने हसले. "का गं?"

धाकटी काही बोलणार, तोच थोरलीने तिचा हात दाबला.

"काही नाही, बाबा," ती म्हणाली. "छान घासलीय."

तेव्हापासून मी थोरलीच्या पिशवीत असते. धाकटीला तिने नवी पट्टी आणून दिली, आणि देण्याआधी शून्यापासून तीसपर्यंत एकेक घर आलेखाच्या कागदावर ताडून पाहिलं. मला तिने फेकून दिलं नाही. माझ्याकडून ती आता फक्त रेघा मारून घेते. माझी तक्रार नाही.

तुमच्या घरी कुणी मूल "मला हा विषय जमेल का?" असं विचारत असेल, तर त्याला "खूप गणित लागतं" असं सांगून मोकळे होऊ नका. किती लागतं ते नीट सांगा. आणि ते चुकत असेल, तर आधी त्याच्या हातातली पट्टी तपासा. मी थोरलीला हे सांगू शकले नाही. कालच तिने भाजीवालीकडून टोमॅटो आणले आणि सवयीने विचारलं, "आज किती पेट्या उरल्या?" भाजीवालीने सांगितलं. थोरलीने ऐकलं, आणि घरी येऊन कुठेच लिहिलं नाही.