मास्तरांचा उजवा कान

“ताई, हे करू का नको?”

तिसऱ्या मजल्यावरच्या सिस्टरनी लिफ्टमध्येच मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. पडद्यावर नेहमीचंच. नवी आवृत्ती तयार आहे, आता घेता की नंतर?

“करा,” मी म्हटलं.

“फोटो जाणार नाहीत ना?”

“नाही जाणार.”

“मागच्या वेळी माझ्या जाऊबाईंचे गेले होते.”

“मग नका करू.”

“असं काय हो, नीट सांगा ना!”

लिफ्टचं दार उघडलं म्हणून सुटले. सत्तावीस वर्षं मी या हॉस्पिटलातले कॉम्प्युटर सांभाळते आहे. लोक डॉक्टरांना जिन्यात गाठून गुडघा दाखवतात, मला गाठून मोबाइल दाखवतात. डॉक्टरांकडे निदान दुखायला लागल्यावर जातात. माझ्याकडे येतात ते सगळं छान चाललेलं असताना, ते आता बिघडवू का एवढंच विचारायला.

त्या आठवड्यात तर या प्रश्नाला ऊत आला होता. हॉस्पिटलातल्या चौऱ्याण्णव मशीनवर नवी ऑपरेटिंग सिस्टिम चढवायची होती, शुक्रवारी संध्याकाळच्या आत. जुनीची देखभाल तिच्या कंपनीनं बंद केली होती आणि सोमवारपासून वरच्या रेकॉर्ड विभागात जुन्या मशीनवरून पाठवलेला एकही कागद घेतला जाणार नव्हता. अ‍ॅडमिन मॅडमनी माझ्या हातात एक यादी ठेवली. प्रत्येक मशीनपुढे एक चौकोन, त्यात खूण करायची, शेवटी माझी सही. चार दिवस मी टेबलांखाली शिरत होते. बावन्नाव्या वर्षी टेबलाखाली शिरता येतं, पण बाहेर येताना कुणाचा तरी हात लागतो.

गुरुवारी संध्याकाळी त्र्याण्णव खुणा झाल्या. राहिलं एक. तळमजला, एक्स-रे विभाग, मास्तरांचं मशीन.

मास्तर आमचे टायपिस्ट. तरुणपणी टायपिंगच्या क्लासात शिकवायचे, ते नाव चिकटलं ते चिकटलंच. एक्स-रे बघून डॉक्टर जे बोलतात ते एका वेगळ्या छोट्या रेकॉर्डरवर साठतं, आणि मास्तर ते ऐकून रिपोर्ट टाइप करतात. मास्तरांना दिसत नाही, जन्मापासून. त्यांच्या डाव्या कानात डॉक्टर असतात आणि उजव्या कानात आत्या.

आत्या म्हणजे पडद्यावर जे जे येईल ते वाचून दाखवणारा प्रोग्रॅम. ती सारखी बोलते, भरभर बोलते आणि प्रत्येक चूक तोंडावर सांगते, म्हणून ते नाव मास्तरांनीच ठेवलं. मी एकदा तिचा इअरफोन कानाला लावून पाहिला होता. टेप पुढं पळवल्यासारखी किचकिच, अक्षर कळेल तर शपथ. मास्तर तिच्याशी त्याच वेगानं बावीस वर्षं काम करत होते. अख्खं मशीन त्यांच्या बोटांत मोजून बसवलेलं होतं. हे बटण सात वेळा, मग खाली तीन, मग एंटर. दिवसाला साठ रिपोर्ट. बसस्टॉपपासून खुर्चीपर्यंत एकटे यायचे. कुणी कोपराला धरलंच तर हळूच कोपर सोडवून म्हणायचे, “मी पोचतो. तुम्ही पोचा.”

आणि आत्या नव्या सिस्टिमवर चालणार नव्हती. तिला बनवणाऱ्यांनी कधीच गाशा गुंडाळला होता. नव्या सिस्टिममध्ये वाचून दाखवणारं दुसरं कुणीतरी होतं, पण ते सावकाश बोलणारं, बटणं वेगळी, मोजणी वेगळी. सत्तावन्नाव्या वर्षी मास्तरांना पहिल्या दिवसापासून सुरुवात करावी लागणार होती.

तेवढंच असतं तर मी इतकी कचरले नसते. पण सहा वर्षांपूर्वी एकदा माझ्या हातून झालं होतं. तेव्हाही असंच एक मोठं अपडेट आलं. मी रविवारी येऊन सगळी मशीनं उरकून टाकली, मास्तरांचंही. सोमवारी संध्याकाळी पाच वाजता माझा विसरलेला स्क्रू-ड्रायव्हर घ्यायला खाली गेले, तर मास्तर टाइप करत होते आणि पडद्यावर एक खिडकी उघडी होती. ‘अटी मान्य आहेत’ या चौकोनात माउसनं खूण केल्याशिवाय ती हलत नव्हती. आत्या मुकी झालेली. मास्तरांना वाटलं, नुसता आवाज गेलाय, बोटं तर चालतात. दिवसभर त्यांनी डाव्या कानानं डॉक्टरांना ऐकत एकोणसाठ रिपोर्ट टाइप केले होते. त्यातला एकही शब्द कुठं उमटला नव्हता.

दोन टेबलं सोडून रिसेप्शनची मुलगी बसली होती. तिला नुसतं ‘जरा बघ गं’ म्हटलं असतं तरी भागलं असतं. मास्तर म्हणाले नाहीत. मी सांगितल्यावर एवढंच म्हणाले, “उद्या करतो.” दुसऱ्या दिवशी त्यांनी सकाळी सातला येऊन सगळे केले. मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

गुरुवारी घरी गेले तर आई टॅब मांडीवर घेऊन बसली होती. आई माझ्याकडेच असते. तिच्या टॅबनं दुपारी आपणहून अपडेट घेतलं होतं.

“फोटो इथं असायचे ना गं? डाव्या कोपऱ्यात?”

“असायचे. आता खाली गेलेत.”

“मला फक्त एवढं सांग,” आई म्हणाली, “जागा त्यांनी बदलली की माझं डोकं चालेनासं झालंय?”

“त्यांनी बदलली, आई.”

“मग ठीक आहे,” ती म्हणाली, पण दुपारभर ती रडली असावी असं तिच्या आवाजावरून वाटत होतं. मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

शुक्रवारी सकाळी आठ वाजता मी यादी काढली आणि चौऱ्याण्णव क्रमांकापुढं खूण करायच्या ऐवजी लिहिलं, ‘मशीन नादुरुस्त’. खाली सही ठोकून यादी ऑफिसात दिली. मास्तरांचे रिपोर्ट रोज संध्याकाळी मीच पेनड्राइव्हवर घेऊन वर टाकणार होते. दोन वर्षांचा तर प्रश्न, मग ते रिटायर. कुणाला कळायचं कारण नव्हतं. मनावरचं ओझं उतरलं, मी चहा मागवला.

एरवी आमचं स्टोअर पंख्याच्या एका पात्यासाठी सहा महिने लावतं. त्या दिवशी ते तीन तासांत हललं. अकरा वाजता रिसेप्शनच्या मुलीचा फोन. “ताई, खाली या बरं. मास्तरांचं मशीन उचलतायत.”

मी जिना उतरून पोचले तेव्हा स्टोअरवाला ट्रॉली घेऊन उभा होता आणि मास्तर दोन्ही हात कीबोर्डवर दाबून बसले होते. समोर बाकांवर पेशंट.

“अहो मास्तर, कागदावर नादुरुस्त लिहिलंय. मी काय करू?”

“मग सकाळपासून मी काय करतोय? एकतीस रिपोर्ट झालेत माझे.”

“ते मला नका विचारू. ही बघा सही.” त्यानं खरोखरच कागद मास्तरांच्या डोळ्यांपुढं धरला, मग जीभ चावली.

“कुणाची आहे?” मास्तरांनी विचारलं.

स्टोअरवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. “ताईंची.”

मास्तरांनी आधी डाव्या कानातला इअरफोन काढला, मग उजव्या. टेबलावर दोन्ही नीट शेजारी शेजारी ठेवले. मी स्टोअरवाल्याला कसंबसं वाटेला लावलं आणि स्टूल ओढून बसले. सगळं सांगितलं. नवी सिस्टिम, आत्या, पेनड्राइव्ह, सगळं. शेवटी म्हटलं, “तुम्हाला त्रास नको म्हणून केलं हो.”

“ते मला कळलं,” मास्तर म्हणाले. “सहा वर्षांपूर्वी न विचारता बदललंत. आता न विचारता नाही बदललंत. माझ्या लेखी दोन्ही एकच.”

मला भयंकर शरम वाटली. सगळं हॉस्पिटल मला अडवून विचारतं, करू का नको. मी सगळ्यांना उत्तरं देते. आपण उलट कधी कुणाला विचारलं, हे आठवू गेले तर एक माणूस आठवेना.

“मग आता विचारते,” मी म्हटलं. “काय करू?”

“आधी सांगा. नाही केलं तर?”

“रिपोर्ट वर जाणार नाहीत. मी रोज नेऊन टाकीन.”

“तुम्ही रजेवर गेलात की?”

“दुसरं कुणीतरी.”

“आणि केलं तर?”

“आत्या जाईल.” हे बोलताना माझा आवाज खाली आला. “नवी हळू बोलते. बटणं सगळी वेगळी. पहिले दोन महिने तरी कुणीतरी शेजारी बसून वाचून दाखवायला लागेल.”

“म्हणजे दोन्हीकडे कुणीतरी आहेच.”

“आहे.”

मास्तर हसले. फार दमलेला माणूस हसतो तसे. “एकीकडे दोन महिने, एकीकडे दोन वर्षं. यात विचार कसला करायचा? चार वाजता या. तोवर हातातलं संपवतो.”

यादीतलं ‘नादुरुस्त’ खोडून चार वाजता गेले तेव्हा शेवटचा रिपोर्ट चालला होता. कुणाच्या तरी खांद्याचा. मास्तरांची बोटं नेहमीच्या वेगानं पळत होती. मग थांबली. एक बटण दाबलं. उजव्या इअरफोनमधून नुसतीच किचकिच ऐकू आली.

“काय म्हणाली?” मी विचारलं.

“सेव्ह झालं म्हणाली.”

पुन्हा तेच बटण दाबलं. पुन्हा किचकिच. मग खुर्ची मागं सरकवून म्हणाले, “करा सुरू.”

पाऊण तास गेला. टक्के वाढत होते, मी मोठ्यानं सांगत होते. चाळीस. पंचेचाळीस. त्र्याऐंशी. मशीन दोनदा बंद होऊन उठलं. एक्स-रेचे शेवटचे पेशंट गेले, सफाईवाल्या मावशींनी बाकांखालून फडका फिरवला. आणि मग पडद्यावर ती खिडकी आली, सहा वर्षांपूर्वीची. तळाशी तसाच रिकामा चौकोन. सवयीनं माझा हात माउसवर गेला, मी तो मागं घेतला.

“मास्तर, अटी मान्य आहेत का विचारतंय.”

“काय आहेत अटी?”

सत्तावीस वर्षांत या चौकोनात मी हजारदा खूण केली असेल. वर काय लिहिलंय ते कधी वाचलं नव्हतं, आणि वाच म्हणून मला कुणी सांगितलंही नव्हतं.

“खूप आहेत हो. वीस-बावीस पानं असतील. कुणी वाचत नाही ते.”

“मागच्या वेळी आख्खा दिवस याच दारात बसलो होतो ना मी? आत काय आहे ते कळू दे तरी.” मग थोडं थांबून, कानकोंडे होऊन ते म्हणाले, “वाचून दाखवाल का?”

बावीस वर्षांत मास्तरांनी कुणाकडे काही मागितल्याचं मी पहिल्यांदा ऐकत होते. मी स्टूल पुढं घेतलं आणि वाचायला लागले. हा करार तुमच्या आणि आमच्यामध्ये आहे. तुम्ही वापर करता याचा अर्थ तुम्हाला मान्य आहे. आम्ही कोणत्याही वेळी, पूर्वसूचना न देता, यात बदल करू शकतो.

“हे परत वाचा.”

मी परत वाचलं.

“प्रामाणिक आहेत,” मास्तर म्हणाले. “पुढं.”

दुसरं पान झालं, तिसरं झालं. बाहेर घरी जाणाऱ्यांचे पाय वाजत होते. अ‍ॅडमिन मॅडमचा फोन आला, चौऱ्याण्णव झालं का. होतंय म्हटलं आणि फोन उलटा ठेवला. माझा घसा कोरडा पडला होता, कंबर बोलत होती, पण उठावंसं वाटत नव्हतं.

चौथ्या पानावर मास्तरांचा हात टेबलावर चाचपडला. उजवा इअरफोन सापडला. त्यांनी त्याची वायर बोटांभोवती नीट गुंडाळली, ड्रॉवर उघडून आत ठेवली, ड्रॉवर लावला. मग खुर्ची अर्धवट वळवून उजवा कान माझ्याकडे केला.

“ताई, राग मानू नका,” ते म्हणाले, “पण फार हळू वाचता तुम्ही.”

मी घोटभर पाणी प्यायले आणि पाचवं पान भरभर वाचायला घेतलं.