तुमच्या कामाला पुरे

छापखान्यात मावशींना सगळे कानामात्राबाई म्हणत. तोंडावर नाही, पण त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. एकतीस वर्षं त्यांनी शाळेची पुस्तकं तपासली होती. निसटलेला काना, चुकलेली वेलांटी, उलटा पडलेला आकडा त्यांच्या नजरेतून सुटत नसे. निवृत्त झाल्यावरही छापखान्याने त्यांना सोडलं नाही. फरक इतकाच, की शाईच्या वासाचे कागद गेले आणि लॅपटॉपवर फाइली येऊ लागल्या. एका बाजूला मूळ मजकूर, दुसऱ्या बाजूला छपाईसाठी जुळणी केलेलं पान आणि मागे शब्दकोश, असं तिन्ही एकदम उघडं ठेवून मावशी सकाळी आठला बसत त्या चारला उठत.

हे काम ज्या लॅपटॉपवर चाले, तो भाच्याच्या कचेरीतून निघालेला. सुरू करून आंघोळ उरकून यावं, तेव्हा कुठे तो जागा होई. त्याच्या झाकणाचा सांधा मोडल्यापासून मागे उशी लावून त्याला बसता करावं लागे. मागच्या महिन्यात त्याने भूमितीच्या पुस्तकातली चाळीस पानांची दुरुस्ती गिळून टाकली आणि मावशींनी ठरवलं, आता नवा घ्यायचा.

तीन आठवडे त्यांनी वाचून काढलं. चाळीस हजारांच्या आत काय मिळतं, कुठे काय कमी पडतं, लोकांच्या तक्रारी काय आहेत. शेवटी एका कागदावर चार गोष्टी उतरल्या: मेमरी सोळा जीबी, कारण तीन मोठ्या फाइली एकदम उघड्या राहतात, स्क्रीन चकचकीत नको, कीबोर्डच्या कळा नीट दबणाऱ्या, आणि वजन कितीही असो, कारण तो टेबलावरून हलणार नाही.

तोच भाचा, बहिणीचा मुलगा, सोबत आला. तो संगणकातला माणूस, शिवाय लहानपणापासून मावशीचा लाडका. दुकानात शिरल्याशिरल्या गळ्यात टाय घातलेला विक्रेता थेट त्याच्याशीच बोलू लागला.

"सर, मावशींसाठी बघताय ना? त्यांचं काय, व्हिडिओ कॉल, फोटो, थोडे सिनेमे..."

"मला पुस्तकं तपासायची असतात," मावशी म्हणाल्या. "तीन फाइली एकदम उघड्या ठेवून."

"हो हो, वाचायला पण मस्त आहे," विक्रेता भाच्याकडे बघत म्हणाला.

मावशींनी ते सोडून दिलं. बायकांना ओलांडून शेजारच्या पुरुषाशी बोलणारी माणसं त्यांनी जन्मभर पाहिली होती, त्यात नवल नव्हतं. त्यांनी रांगेतला एकेक लॅपटॉप बघितला, कळा दाबून पाहिल्या. सातव्यावर त्यांची बोटं थांबली. कळा खोल होत्या, स्क्रीन मंद, डोळ्यांना सुखावणारी. समोरच्या कार्डावर लिहिलं होतं: मेमरी सोळा. किंमत एकोणचाळीस हजार. त्यांनी एक अवघड वाक्य टाइप केलं, सगळी जोडाक्षरं सरळ उमटली.

"हाच," त्या म्हणाल्या आणि पैसे भरायच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. तिकडे भाच्याने बिलावर सही केली, खोकं घेतलं. वर एक बॅग आणि माउस फुकट मिळाला म्हणून तो खुशीत होता.

घरी जेवणाच्या टेबलावर खोकं उघडलं. झाकण वर केलं तर मावशींना त्यात अक्षरांआधी स्वतःचाच चेहरा दिसला. स्क्रीन आरशासारखी चकचकीत. तिन्ही फाइली उघडल्या. दुसऱ्या फाइलीपर्यंत ठीक चाललं, तिसरीला पान अडकलं. मग त्यांनी खोक्यावरची चिठ्ठी वाचली. दुकानातल्या मॉडेलचा क्रमांक त्यांनी आपल्या कागदावर उतरवून घेतला होता. अकरा अक्षरं आणि आकडे. दहा जुळत होते. शेवटचं अक्षर वेगळं होतं आणि त्याखाली लिहिलं होतं: मेमरी आठ.

"हा तो नाही," मावशी म्हणाल्या.

भाचा फोनमधून मान वर न करता म्हणाला, "हो, तो पीस संपला होता. हा त्याचाच भाऊ आहे."

"तुला माहीत होतं?"

"तू रांगेत होतीस तेव्हा सांगितलं त्याने. किंमत तीच, वर बॅग दिली ना. मावशी, तुला काय फरक पडणार आहे? टाइपच तर करायचंय. तुझ्या कामाला पुरे आहे हा."

मावशींनी खोक्याचं झाकण लावलं. विक्रेत्याने फसवलं असतं तर त्यांना राग आला असता, पण तो राग दुकानाचा असता. हा घरातला होता. या पोराची कॉलेजची सगळी टिपणं त्यांनी तपासून दिली होती, नोकरीचा पहिला अर्जसुद्धा. एवढ्या वर्षांचं काम त्याच्या डोळ्यांसमोर झालं आणि त्याला ते नुसतं टाइप करणं वाटत होतं. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण आवाज चढला नाही.

"चहा पी आणि घरी जा," त्या म्हणाल्या. "उद्या मी एकटी जाईन."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडताच त्या खोकं, बॅग आणि पाकिटही न फोडलेला माउस घेऊन हजर झाल्या. टायवाल्याने त्यांना ओळखलंच नाही. सगळं ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, "उघडलेलं खोकं परत घेत नाही आम्ही. शिवाय बिलावर आठच लिहिलंय. खाली सही आहे."

होती. भाच्याची, घाईघाईत केलेली. जगातला प्रत्येक कागद वाचणाऱ्या बाईने तेवढा एक वाचला नव्हता, कारण वाचायला घरचं माणूस होतं. ही लाज मावशींना विक्रेत्याच्या उद्धटपणाहून जास्त बोचली.

"कार्डावर सोळा लिहिलंय आणि किंमत तीच आहे," त्या म्हणाल्या. "मॅनेजरना बोलवा."

मॅनेजर आले. गोड बोलणारे, हात चोळणारे. त्यांनी मावशींना खुर्ची दिली, पाणी मागवलं आणि कार्डाकडे बघून हसत म्हणाले, "काय आहे मॅडम, सोळा ही छपाईची चूक आहे, या किमतीत आठच येते. होतं असं."

तिथे मात्र मावशींचा संयम सुटला. खुर्चीतून उठून त्या म्हणाल्या, "छपाईच्या चुकांवर मी एकतीस वर्षं पोट भरलंय. मला त्या ओळखता येतात."

त्यांनी पर्समधून लाल पेन काढलं आणि रांगेच्या पहिल्या टोकाला गेल्या. लॅपटॉप उचलायचा, उलटा करून खालची चिठ्ठी वाचायची, कार्डाशी ताडून बघायची. पहिला बरोबर. दुसरा बरोबर. तिसऱ्याच्या कार्डावर साठवण दुप्पट लिहिली होती. मावशींनी आकड्याभोवती गोल केला आणि समासात खरा आकडा लिहिला.

"मॅडम, हात लावू नका," टायवाला पुढे आला.

"काल सगळ्यांच्या कळा दाबल्या, तेव्हा नाही अडवलंत."

आपल्या मुलीला घेऊन आलेली एक नर्स शेजारी उभी होती, अंगावर अजून कामाचाच गणवेश. ती म्हणाली, "बाई, हा पाचवा जरा बघता का? आम्ही तोच घेतोय." मावशींनी बघितला. पाचवा ठीक होता, सहावा नव्हता. नर्सच्या मागे आणखी दोन-तीन गिऱ्हाइकं येऊन थांबली. मावशी आकडे वाचत आणि नर्सची मुलगी ते कार्डाशी जुळतात का बघून "नाही" किंवा "हो" म्हणे.

अकरा लॅपटॉप झाले. चार कार्डं लाल झाली होती. मावशींनी ती मॅनेजरना एकेक करून दाखवली.

"छपाईची चूक आंधळी असते, साहेब. कधी एक जास्त पडतो, कधी एक कमी. तुमच्या चारही चुका एकाच बाजूला पडल्यात. एकाही कार्डावर खऱ्यापेक्षा कमी लिहिलेलं नाही. याला आमच्याकडे चूक म्हणत नाहीत."

मॅनेजरच्या तोंडचं पाणी पळालं. नर्स मुलीचा हात धरून पाचवाही न घेता दाराबाहेर पडली. मॅनेजरनी मावशींना बाजूला घेऊन हळू आवाजात सारवासारव सुरू केली. उघडलेल्या खोक्यापोटी थोडी कपात होईल, बाकीचे पैसे परत देऊ.

"कपात कसली? मी मागितलेली वस्तू तुम्ही दिलीच नाहीत."

"एवढ्यासाठी मॅडम इतकं... तुमचा वापर तरी किती असणार?"

"किती असणार ते तुम्ही एकदा तरी विचारलंत?"

मॅनेजरनी गल्ल्याकडे खूण केली. पैसे पूर्ण परत मिळाले. पण मावशी लगेच निघाल्या नाहीत. चारही कार्डं काढून होईपर्यंत त्या दारापाशी उभ्या राहिल्या, आणि टायवाल्याला ती त्यांच्यादेखत काढावी लागली.

त्या रस्त्यावर आल्या. जिंकल्यासारखं काही वाटत नव्हतं. संध्याकाळपर्यंत नवी कार्डं लागतील, कदाचित तशीच, हे त्यांना कळत होतं. भूमितीचं पुस्तक सोमवारी द्यायचं होतं, ते वेगळंच.

दोन चौक पुढे एक दुरुस्तीचं दुकान होतं, एका खोलीचं. आत भिंग लावून बसलेली बाई कुठल्याशा सर्किटच्या पट्टीवर सोल्डरिंगचा डाग देत होती. मावशींनी आपला कागद तिच्यापुढे ठेवला. तिने तो वाचला आणि पहिला प्रश्न विचारला, "काम काय करता?"

मावशींनी सांगितलं. बाईने मागच्या फळीवरून एक काळा, जाडजूड लॅपटॉप काढला.

"बँकेतून आलाय, चार वर्षं वापरलेला. मेमरी सोळा आहे, मी स्वतः घातलीय. कोपरा चेपलाय, बघा. बॅटरी दोन तासांच्या वर जाणार नाही, तुम्हाला वायर लावूनच बसावं लागेल. एक कळ बदललीय, तिचा रंग किंचित वेगळा आहे. दिसायला काही चांगला नाही."

आधी खोट सांगणारं माणूस त्यांना कित्येक दिवसांत भेटलं नव्हतं. त्यांनी तिन्ही फाइली पेन ड्राइव्हवरून उघडल्या, पानं वरखाली केली. कुठे अडकलं नाही. ठरवलेल्या रकमेच्या निम्म्यात काम झालं.

भूमितीचं पुस्तक सोमवारी वेळेवर गेलं. मंगळवारी भाच्याचा फोन आला.

"आई सांगत होती तू दुकानात धमाल उडवलीस," तो हसत म्हणाला. मग मावशी हसत नाहीत हे लक्षात येऊन थांबला. "अजून राग आहे?"

"आहे."

"त्या माणसाने फसवलं गं, मी काय..."

"त्याचा राग मी तिथेच काढला. तुझा आहे. तो मला ओळखत नव्हता, तू ओळखतोस. माझ्या कामाला काय पुरतं ते तू मला न विचारता ठरवलंस, आणि मला सांगितलंही नाहीस."

सारवासारव करणार असेल तर फोन ठेवायचा, असं मावशींनी मनाशी ठरवलं होतं. त्याने ती केली नाही.

"चुकलं," तो म्हणाला. "मला खरंच माहीत नाही तू तिथे बसून नेमकं काय करतेस. रविवारी येऊ का? बघायला?"

मावशींनी समोरच्या पानावरची ओळ पूर्ण वाचली. राग निवलेला नव्हता आणि तो निवला असं दाखवायची त्यांची इच्छाही नव्हती.

"ये," त्या म्हणाल्या. "सकाळी आठला ये. आणि मध्ये बोलायचं नाही."