साहेबांनी केलेली सफाई

साहेब निवृत्त होण्याआधी एका मोठ्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी होते. तिथे सगळे त्यांना साहेब म्हणायचे. निवृत्तीनंतर घरातही तेच चालू राहिलं, कारण दुसरी कुठली हाक ऐकण्याची त्यांच्या कानांना सवयच उरली नव्हती. त्यांची बायको यंत्रांबरोबर येणाऱ्या माहितीपुस्तिकांची भाषांतरं करायची. ‘झाकण नीट बंद केल्याशिवाय यंत्र सुरू करू नये’ अशी वाक्यं लिहिता लिहिता तिला एक गोष्ट पक्की कळली होती. जगात सूचना देणारे उदंड आहेत, वाचणारे नाहीत. आणि देणाऱ्यांपैकी सगळ्यात हौशी माणूस तिच्याच घरात राहतो.

कॉम्प्युटर तिचा, तिच्या कामाचा. सकाळी ती आंघोळीला गेली, तेवढ्यात साहेब हवामान बघायला त्याच्यासमोर बसले. खिडकी हाताच्या अंतरावर होती, पण खिडकीवर त्यांचा विश्वास नव्हता. हवामान राहिलं बाजूला. पडदा एकदम लालभडक झाला आणि भोंगा वाजू लागला. ‘सावधान! तुमच्या कॉम्प्युटरमध्ये शेकडो व्हायरस! आत्ताच साफ करा!’

भोंगा म्हणजे साहेबांचं माहेर. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना धोक्याची रीतसर सूचना दिली होती. त्यांनी ताबडतोब ‘साफ करा’ दाबलं. मग ‘परवानगी द्या’ दाबलं. मग ‘सहमत आहे’ दाबलं. लग्नानंतर बायकोच्या वाट्याला जेवढी सहमती आली नव्हती, तेवढी त्या पाच मिनिटांत एका परक्या खिडकीला मिळाली.

ती ओले केस पुसत बाहेर आली तर साहेब विजयी मुद्रेने बसलेले.

“तुझा कॉम्प्युटर आतून सडला होता. मी साफ केला.”

“कशाने?”

“सफाईचा प्रोग्राम टाकला. मग त्यानेच आणखी दोन सुचवले. भला प्रोग्राम आहे.”

चोराच्या हाती किल्ल्या देऊन वर त्याला चहा विचारावा, तसा तो प्रकार होता. पडद्यावर तीन अनोळखी पट्ट्या आल्या होत्या, कोपऱ्यात एक बाई वजन कमी करायचे उपाय सांगत होती, आणि तिचं अर्धं झालेलं भाषांतर उघडायलाच तयार नव्हतं. तिने सरळ इंटरनेटची वायर उपटली.

“अगं, अजून अपडेट चालू होतं!” साहेब कळवळले.

“म्हणूनच,” ती म्हणाली.

उशीर मात्र झालाच होता. साहेबांचा मेल त्याच कॉम्प्युटरवर कायम उघडा असायचा, म्हणून तिने तो फोनवरून उघडून पाहिला. पासवर्ड विचारावा लागला नाही. सगळीकडे एकच होता, ‘सुरक्षा’ आणि पुढे एक-दोन-तीन. तो बदलून ती पाठवलेले मेल बघू लागली. साहेबांच्या नावाने त्यांच्या ओळखीतल्या झाडून सगळ्यांना एक पत्र गेलं होतं.

‘प्रिय, खूप काळ झाला. मला तुझी आठवण होते. आपले जुने फोटो इथे दाबून पहा.’

भाषा गचाळ होती. भाषांतरकार म्हणून तिच्या अंगावर काटाच आला. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर साहेबांनी आजवर लिहिलेल्या कुठल्याही पत्रापेक्षा हे पत्र जास्त मायेचं होतं. ते साहेबांच्या दाताच्या डॉक्टरला गेलं होतं, जुन्या कारखान्याच्या मालकाला गेलं होतं. आणि धाकट्या दिराला गेलं होतं.

दिराशी सहा वर्षं अबोला होता. त्याने नवं घर घेतलं तेव्हा पाहुण्यांनी भरलेल्या दिवाणखान्यात साहेबांनी खिशातून टेप काढून गच्चीचा कठडा मोजला, आणि हे घर लहान मुलांसाठी प्राणघातक आहे असं खणखणीत आवाजात जाहीर केलं. धाकटी जाऊ रडत आत गेली. दीर म्हणाला, “दादा, आता तू निघ.” साहेब निघाले. कठडा खरंच बुटका होता, हे मात्र ते आजतागायत सांगत असत.

आणि आता दिराचं उत्तर आलं होतं. चांगलं लांबलचक. ‘दादा, तुझं पत्र तीनदा वाचलं. मलाही फार आठवण येते. आपल्यापैकी कुणीतरी आधी बोलायला हवं होतं, ते तू केलंस. फोटो उघडले नाहीत, पण मी रविवारी येतो.’

तिने फोन साहेबांपुढे धरला. साहेबांनी चष्मा लावून वाचलं. मग पुसून परत वाचलं.

“पण मी लिहिलंच नाही हे! त्याला आत्ताच्या आत्ता कळवतो.”

“खबरदार,” ती म्हणाली. “आयुष्यात पहिल्यांदा तुमच्या नावावर काहीतरी बरं जमा झालंय. राहू दे.”

बाकीच्यांना मात्र तिने लगेच कळवलं, की फोटो उघडू नका, ते पत्र खोटं आहे. दाताच्या डॉक्टरने सुटकेचा निःश्वास टाकल्याचं फोनवरही ऐकू आलं. मग तिने पदर खोचला. शेजारणीच्या कॉम्प्युटरवरून खात्रीचा अँटीव्हायरस पेनड्राइव्हवर आणला, स्वतःचा कॉम्प्युटर सेफ मोडमध्ये सुरू केला, साहेबांनी बोलावलेले पाहुणे एकेक करून हाकलले आणि पूर्ण स्कॅन लावला. साहेब मागे हात बांधून उभे राहून देखरेख करत होते. मदत नव्हतीच, पण देखरेखीशिवाय काम पूर्ण झालं असं त्यांना कधी वाटलं नसतं. दुपारभर स्कॅन चालला. भाषांतराची फाइल शाबूत सापडली तेव्हा तिने डोळे मिटून खुर्चीच्या पाठीला मान टेकली, आणि साहेब म्हणाले, “बघ, मी म्हटलंच होतं, व्हायरस होते.”

रविवारी दीर आला. केस पिकले होते, काखोटीला लॅपटॉप होता.

“वहिनी, दादाचे फोटो दाबल्यापासून हा धड सुरूच होत नाही.”

तिने साहेबांकडे रोखून पाहिलं. साहेबांनी चहाचा अर्धा कप होईपर्यंत दम धरला. त्यापुढे त्यांच्याच्याने राहवेना.

“हे बघ, ते पत्र माझं नव्हे. व्हायरसचं होतं. असल्या लिंकवर मी क्लिक करीन होय?”

तिला वाटलं, संपलं. हात दाखवून अवलक्षण करण्यात या माणसाचा हात कुणी धरणार नाही.

दिराने कप खाली ठेवला. “‘प्रिय’ वाचूनच मला शंका आली होती,” तो म्हणाला. “पण म्हटलं, निवृत्तीनंतर माणूस सुधारत असेल. असो. उत्तर मात्र मी स्वतः लिहिलं होतं.”

“वाचलं मी,” साहेब म्हणाले. “शुद्धलेखनाच्या चुका आहेत.”

“किती?”

साहेब जरा घुटमळले. “मोजल्या नाहीत.”

तिने झटकन वर पाहिलं. ज्याने पाहुण्यांच्या देखत कठडा मोजला, लग्नात हाराची लांबी मोजली, तो माणूस हे बोलत होता. दिरालाही ते कळलं असावं. तो हसला नाही; त्याने फक्त लॅपटॉप टेबलावर ठेवून उघडला.

“बघ मग काय झालंय त्याला.”

साहेब सरसावून पुढे झाले. पडदा लालभडक झाला, भोंगा वाजला.

“थांब, इथे लिहिलंय साफ करा,” साहेबांनी बोट पुढे केलं.

“दादा, हात लावू नकोस!”

“मला शिकवू नकोस! तीस वर्षं सुरक्षेत काढलीत मी!”

“म्हणूनच सांगतोय!”

आवाज पार जिन्यापर्यंत गेला. तिने दोघांच्या मधून हात घालून लॅपटॉप उचलला, आतल्या खोलीत नेला आणि दाराला कडी घातली. बाहेर भांडण रंगात आलं होतं. सहा वर्षांचं तुंबलेलं होतं सगळं. जेवायची वेळ झाली तरी दीर जायचं नाव काढत नव्हता.