पिटकॅरीचे जमीनदार माझ्यावर बसले तेव्हा

मित्रांनो, मी एक जुने स्टूल आहे, स्कॉटलंडमधल्या एका खेड्यातल्या चर्चचे. ज्याच्या हातून पाप घडले, त्याने रविवारी गोणपाटाचा अंगरखा घालून, उघड्या डोक्याने, साऱ्या गावासमोर माझ्यावर बसायचे आणि पाद्रीबाबांनी विचारले की चूक कबूल करायची, अशी आमच्याकडची रीत.

माझा जन्म पिटकॅरींच्या कृपेने झाला. त्यांचे खरे नाव पॅट्रिक, पण आमच्याकडे जमीनदाराला त्याच्या जमिनीच्याच नावाने हाक मारतात. चर्चच्या पंचांमध्ये त्यांचा मान मोठा. माझ्यासाठी त्यांनी आपल्या रानातले झाड दिले आणि सुताराला बजावले, "उंच कर रे! पापी मागच्या बाकावरूनही दिसला पाहिजे." मी असे ताडमाड झाले.

कामाला कधी तोटा नव्हता. माझे नेहमीचे गिऱ्हाईक म्हणजे एल्स्पेट. ती घरी बीअर करून विकायची आणि प्रवचन चालू असतानाही विकायची. पिटकॅरींनी तिला इतक्या वेळा माझ्यावर बसवले, की मला तिचा लळाच लागला.

मग राजकारण आडवे आले. इंग्लंडात कैदेत पडलेल्या राजाला सोडवायला आमच्याकडून फौज निघाली. पिटकॅरी घोड्यावर बसले आणि गावातली तरणी पोरे बरोबर घेऊन गेले. फौजेची दाणादाण उडाली. पिटकॅरी चिखलाने माखून परतले. पोरांतली काही परतलीच नाहीत. इकडे कारभार या स्वारीला विरोध करणाऱ्या बाजूच्या हातात गेला होता. त्यांनी फर्मान काढले, की त्या फौजेत गेला तो पापी, आणि स्टुलावर बसून कबुली देईपर्यंत त्याला पार्लमेंटात जागा नाही.

ती जागा म्हणजे पिटकॅरींचा जीव की प्राण. तिथे त्यांचे आजोबा बसले होते, वडील बसले होते. निवडणूक तर तोंडावर आलेली. शेजारचे ड्रमफिनीचे जमीनदारही त्याच फौजेत गेले होते, पण ते आदल्याच रविवारी डोळ्यांत पाणी आणून, कबुली घडाघडा म्हणून मोकळे झाले. डोळे पुसायच्या आधीच ते मते मागत फिरू लागले.

पिटकॅरींनी आधी घासाघीस केली. उशी घेतली तर चालेल का? निदान टोपी? मंगो पाद्रीबाबा बधले नाहीत. शेवटी रविवारी पिटकॅरी आले. पत्नी ग्रिझेलबाईंनी शिवलेला गोणपाट पोटावर भलताच तंग झाला होता.

"श्वास घेऊ नका, उसवेल," बाई कुजबुजल्या.

"मग कबुली कशी देऊ?"

"थोडक्यात द्या. आयुष्यात एकदा तरी!"

ते धापा टाकत वर चढले. पाय काही जमिनीला टेकेनात. पुढच्या बाकावरून एल्स्पेट म्हणाली, "या, पिटकॅरी. जागा गरम करून ठेवलीय."

"केलेल्या पापाचा पश्चात्ताप होतोय का?" पाद्रीबाबांनी विचारले.

पिटकॅरी खाकरले. "या प्रश्नाला दोन बाजू आहेत," ते म्हणाले आणि सुरूच झाले. आपण पार्लमेंटात नाही, स्टुलावर आहोत, हे ते साफ विसरले. राज्याची घडी, राजाची शपथ, इंग्रजांचा डाव! लोक पेंगू लागले. ग्रिझेलबाईंनी कपाळाला हात लावला.

एवढ्यात एल्स्पेट उठून उभी राहिली. "राजाचं राहू द्या, पिटकॅरी. माझा अँड्र्यू कुठंय?"

अँड्र्यू तिचा एकुलता एक मुलगा. तोही फौजेबरोबर गेला होता. पेंगणारे ताठ बसले. माझ्यावरचे ते जड शरीर तिच्याकडे वळले.

"नदीपाशी राहिला," पिटकॅरी हळूच म्हणाले. "मी घोड्यावर होतो गं. तो पायी होता. मी त्याला न्यायलाच नको होतं. चुकलो, एल्स्पेट."

पाद्रीबाबा गडबडले. "पण हे फर्मानातलं पाप नव्हे! राजाच्या बाजूनं गेलो ते चुकलं, असं म्हणा."

"म्हणून टाका हो, जागा जाईल!" ग्रिझेलबाई कळवळल्या.

"राजाचं मला अजून ठरवता येत नाही, पाद्रीबाबा. हे मात्र ठरलंय."

कबुली नामंजूर झाली. जागा ड्रमफिनींना मिळाली. मला फार वाईट वाटले.

मित्रांनो, आता मी चर्चमागच्या खोपटात पडून आहे. कोंबड्या माझ्यावर बसतात आणि एकीलाही कशाचा पश्चात्ताप होत नाही. मला भुंगा लागलाय. सरपणात टाकायचे घाटते आहे. टाकू नका, जरा पुसून आडोशाला ठेवा. का, ते सांगते.

त्या नामंजूर कबुलीच्या पुढच्या रविवारी दोन पापी हजर होते. पिटकॅरींची कबुली अपुरी राहिली होती आणि एल्स्पेट चर्चमध्ये मध्येच बोलली होती. स्टूल एकच.

"बसा, पिटकॅरी. तुमचं वय झालं."

"तू बस. तू त्याची आई."

ती बसली. पिटकॅरी बाकाकडे गेले नाहीत. गोणपाट घालून, उघड्या डोक्याने, ते प्रवचन संपेपर्यंत तिच्या शेजारी उभे राहिले. मंगो पाद्रीबाबांनी त्या दिवशी दोघांनाही काही विचारले नाही.