दुपारचा शिंपी

लेकीने क्लॅरिनेटवाल्याशी लग्न केलं, त्या दिवसापासून शिंप्याची झोप उडाली. "त्या पिपाणीवाल्याच्या कपड्याला माझी सुई लागली तर हात झडोत माझे!" असं भर रस्त्यात गरजून त्याने दार लावलं. त्यानंतर वर्षभर डोळ्याला डोळा नाही. त्याच्याशी जागरणाची पैज लावून आसपासची घुबडं हरली, आणि लाजेने गाव सोडून गेली म्हणतात.

शेवटी औषधाचं दुकान चालवणाऱ्या मेव्हण्याने पिवळी गोळी दिली. दुपारी जेवणावर एक, की दोन ते पाच शिंपी ओंडक्यासारखा गाढ. निदान त्याचा तसा समज होता, आणि त्या समजात तीन वर्षं सुखाने गेली.

मग एका सकाळी तो दोऱ्याची रिळं आणायला निघाला, तर पुढे चालला होता जावई. अंगात निळा कोट. खांद्यावर सुरकुती नाही, पाठीवर झोळ नाही. पाण्याने अंगावर चढावं तसा बसलेला. शिंप्याचा राग बाजूला राहिला, धंद्यातला मत्सर पुढे धावला. त्याने मागून जाऊन सरळ कॉलरच उलटी केली.

आत तीन उलटे टाके आणि डावीकडे वळवलेली गाठ. शिंप्याच्या डावखुऱ्या बापाने आपल्या डावखुऱ्या लेकाला शिकवलेली. बाप वारला होता. उरला एकच माणूस, तो स्वतः.

"बाबा, अहो, उसवेल ना! परवाच तर दिलात—" जावई म्हणाला आणि जीभ चावून वाद्यासकट पळाला.

बायको घरी मटार सोलत होती.

"कोट कोणी शिवला?"

"तुम्हीच. झोपेत."

"झोपेत माणूस घोरतो! कोट शिवत नाही!"

"तुम्ही दोन्ही करता. गोळी घेतली की अर्ध्या तासात उठता, मशीनवर बसता. डोळे अर्धे मिटलेले, पण टाका सरळ. पहिल्यांदा घाबरले मी. भावाला बोलावलं, तर तो म्हणाला, ताई, उठवू नकोस, जन्मात पहिल्यांदाच एवढा शहाण्यासारखा वागतोय."

"आणि जावयाचं माप?"

"घरी येतो ना तो. दोघंही येतात. तिघं." शेंग तिच्या हातात तशीच राहिली. "नात आहे तुम्हाला. सव्वादोन वर्षांची. नाव तुम्हीच ठेवलंत, तुमच्या आईचं."

शिंपी स्टूल ओढून बसला. मेव्हण्याने फसवलं, ते एक वेळ चाललं असतं. मेव्हणे असतातच त्यासाठी. बायकोने तीन वर्षं तोंडातून ब्र काढला नाही. आणि ज्या हातांच्या जिवावर तो जगासमोर ताठ उभा होता, ते हात रोज दुपारी शत्रूच्या गोटात जाऊन बसत होते.

"मला का नाही सांगितलंस?"

"कोणाला सांगणार? तुम्ही असता तेव्हा तुम्ही ओरडत असता."

त्या दुपारी त्याने गोळी बायकोच्या नकळत खिडकीबाहेर टाकली आणि डोळे मिटून पडला. त्याला बघायचंच होतं, हे चोर घरात कसे शिरतात ते.

अडीचला दार वाजलं. लेकीचा आवाज, तोच, जरा भरलेला. मग चिमुकली पावलं खाटेजवळ आली आणि गालावर ओला तळवा पडला. "आबा, ऊठ."

त्याने डोळे उघडले. पुरते.

पोर दचकली. तिने त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं, ओठ काढला आणि धावत जाऊन आईच्या ओच्यात तोंड लपवलं.

"आबा कुठंय?" ती तिथून विचारू लागली. "माझा आबा कुठंय?"

"अगं, हेच आबा," आजी म्हणाली.

"नाही!"

लेकीने बापाकडे पाहिलं. "बाबा, आज गोळी नाही घेतलीत?" ती इतक्या काळजीने म्हणाली, की शिव्या परवडल्या असत्या.

त्याच्या तोंडात चार वर्षांचं बोलणं तुंबलं होतं. घर माझं, नात माझी, आणि मीच तेवढा परका? तो उठून बसला, त्याने घसाही खाकरला. तेवढ्यानेच पोर आणखी आत दडली. ते पाहून त्याने तोंड घट्ट मिटलं. उभ्या आयुष्यात त्याने एवढी जाड शिवण कधी घातली नव्हती.

बऱ्याच वेळाने ओच्यातून एक डोळा बाहेर आला. पोर एक पाऊल पुढे सरकली आणि तिथेच फरशीवर बसली.

शिंप्याने नजरेनेच अंतर मोजलं. पावणेदोन मीटर. हात पुढे न करता तो बसून राहिला.