जबलपूर व्हाया कन्याकुमारी

पेणमध्ये महादेव सरांच्या गाडीची चर्चा दोन वर्षं चालली होती, आणि पेणमधल्या एकाही माणसानं ती गाडी रस्त्यावर पाहिलेली नव्हती. गाडी म्हणजे एका शाळेनं मोडीत काढलेली मिनीबस. सरांनी तिच्यातली बाकडी काढून दोन पलंग बसवून घेतले. शेगडीचा ओटा केला, पाण्याची टाकी टाकली, मागच्या कोपऱ्यात अंग चोरून बसण्याजोगा संडास केला. रंग पोपटी, पडदेही पोपटी. "लॉजमधल्या चादरींवर झोपायचे दिवस संपले आता," असं सर भेटेल त्याला सांगत. लॉजमध्ये ते उभ्या आयुष्यात तीनदा झोपले होते आणि तिन्ही वेळा चादर घरून नेली होती.

हा सगळा घाट बायकोच्या, लतिकाबाईंच्या मणक्यासाठी घातला, असं सरांचं म्हणणं. बाई रोह्याजवळ अष्टमीच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. दोन तासांच्या वर बसलं की त्यांची कंबर धरायची. त्यांची थोरली बहीण आसावरीताई लग्न झाल्यापासून जबलपूरला. तिला काचबिंदू झाला होता. एक डोळा गेलाच होता, दुसऱ्याचं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की होळीनंतर काही धरून चालू नका. त्या दिवशी ताई फोनवर म्हणाली, "लते, एकदा येऊन जा. तुझं तोंड बघून ठेवते. पुढं मग ऐकायचंच आहे." तेव्हापासून लतिकाबाईंना जगात एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे होळीच्या आत बहिणीसमोर जाऊन बसणं.

सरांना मात्र परिपूर्ण तयारी हवी होती. बत्तीस वर्षं त्यांनी विज्ञान शिकवलं होतं, आणि मुलं नापास होतात ती घाईमुळे, हे त्यांचं ठाम मत होतं. त्यांनी फुलस्केप कागदांवर यादी केली. एकशे बेचाळीस कलमं. कलम नऊ, गॅस बंद केला का. कलम तीस, टायरमधली हवा, स्टेपनीसकट. कलम एकसष्ट, ड्रायव्हरची झोपायची सोय, टपावर. हे कलम लिहिताना त्यांना काही वावगं वाटलं नाही.

ड्रायव्हर आणि मेस्त्री एकच, विलास. कुंडलिकेच्या काठावरच्या वाडीतला. डोलवीच्या कंपनीत काही वर्षं ठेकेदाराकडे शिफ्ट केल्या, मग पुलापलीकडे अष्टमीत स्वतःचं गॅरेज टाकलं. लतिकाबाईंच्या हाताखाली तो मुळाक्षरं शिकला होता आणि पुढे सरांच्या हाताखाली नववीत आपटला होता. गाडी त्याच्याच गॅरेजात उभी होती. सर दर आठवड्याला एसटीनं पेणहून रोह्याला जात, गाडीखाली वाकून बघत, पाण्याची मोटर चालू करत, बंद करत आणि विलासला मार्क देत.

"वायरिंगला पन्नासपैकी अडतीस," ते म्हणत. "टेप नीट गुंडाळलेली नाही."

"सर, गाडी तयार हाय," विलास म्हणे. "आता चालवली नाय तर बॅटरी बसेल. टायर पण एकाच जागी उभं राहून चपटं व्हतात."

"मग ते कलम वाढवतो," सर म्हणत आणि खिशातून पेन काढत. यादी अशी एकशे साठवर गेली.

मार्गशीर्षात एक फार चांगला मुहूर्त होता. सरांनी तो पंचांगातून स्वतः काढला होता. पण त्याच्या आदल्या दिवशी त्यांना पाण्याच्या टाकीखाली ओल दिसली. विलासचं म्हणणं, ती त्यानं नुकत्याच पुसलेल्या फरशीची ओल. सरांनी टाकी उतरवायला लावली. आता मुहूर्त पेणला आणि गाडी अष्टमीत, चार जॅकवर. दुसरा कोणी असता तर त्यानं कपाळाला हात लावला असता. सरांनी प्रस्थान ठेवायचं ठरवलं.

ही आपल्याकडची जुनी सोय. मुहूर्तावर निघणं जमत नसेल तर आपली एखादी वस्तू मुहूर्त साधून दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. वस्तू निघाली म्हणजे माणूस निघाला. मग माणसानं सवडीनं निघावं, मात्र ठेवलेली वस्तू परत घरी आणायची नाही. सर बरोबर मुहूर्ताला अष्टमीत पोचले. जॅकवरच्या गाडीत शिडी लावून चढले आणि पलंगावर नारळ, सुपारी, स्वतःचं धुतलेलं उपरणं आणि लतिकाबाईंची भरलेली बॅग ठेवली. खाली उतरून म्हणाले, "निघालो." आणि एसटीनं घरी आले.

लतिकाबाईंनी ताट वाढलं आणि विचारलं, "प्रस्थान जायच्या दिशेला ठेवतात ना? जबलपूर उत्तरेला. तुम्ही रोह्याला ठेवून आलात, दक्षिणेला."

सरांचा घास हातातच राहिला. चूक तर झालीच होती. पण सरांनी सबंध नोकरीत फळ्यावरची चूक कधी कबूल केली नव्हती, उदाहरणच बदललं होतं. त्यांनी रात्रीतून नकाशा काढला. सकाळी चहाबरोबर नवा बेत तयार होता. आधी दक्षिणेला जायचं. गोवा, कर्नाटक, खाली कन्याकुमारी, तिथून वळून पूर्व किनाऱ्यानं वर, आणि मग जबलपूर. अडीच महिने.

"ताईचे डोळे होळीपर्यंतच आहेत," लतिकाबाई म्हणाल्या.

"म्हणून तर तयारी पक्की हवी," सर म्हणाले. "वाटेत गाडी बंद पडली तर होळी तिथेच व्हायची."

समुद्राची हवा लागणार म्हणून गाडीच्या बुडाला गंजरोधक रंग आला. घाट लागणार म्हणून ब्रेक पुन्हा उघडले. विलासच्या बायकोनं, पारीनं, पडदे दोनदा उसवून दोनदा शिवले, कारण सरांना मधली चुणी डावीकडे हवी होती. प्रस्थानाची मुदत पाच दिवस, असं सरांच्या पंचांगात होतं. म्हणून दर पाचव्या दिवशी ते नवा नारळ घेऊन जात, जुना विलासला देत. विलासच्या घरात तेव्हा रोज खोबऱ्याची चटणी असायची. पौष सरला, माघ लागला. ताई फोनवर म्हणाली की आता तिला दारातला माणूस ओळखू येत नाही, अगदी जवळ आल्यावर कळतं. लतिकाबाईंनी त्या दिवशी स्वयंपाक केला नाही. सरांना वाईट वाटलं, खरंच वाटलं. त्यांनी यादीत भिंगाचं कलम घातलं.

रविवारी लतिकाबाई अष्टमीत जुन्या सहकारी बाईंकडे हळदीकुंकवाला जाते म्हणून गेल्या. संध्याकाळी फोन आला की आजची रात्र इथेच राहते. सरांनी दूध तापवून घेतलं. सोमवारी नारळाचा पाचवा दिवस होता, शिवाय मोटरीसाठी एक नवा वॉशर आणला होता. ते सकाळच्या एसटीत खिडकीशी बसले. गडबच्या अलीकडे समोरून एक पोपटी गाडी भरधाव गेली. सरांनी मान वळवून तिच्याकडे बघितलं. रंग बरा होता, पण एक पडदा खिडकीबाहेर फडफडत होता. चुणीसुद्धा उजवीकडे. पाचपैकी दोन, असं त्यांनी मनात म्हटलं आणि पुन्हा यादी वाचायला लागले.

सरांचा तरी काय दोष? आपली गाडी चालताना कशी दिसते, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

अष्टमीत गॅरेजला कुलूप होतं. गाडीच्या जागी चार टायरांचे डाग होते. शेजारचा चहावाला काळुराम कप विसळत होता.

"गाडी कुठे आहे?" सरांनी विचारलं.

"गेली न सर. उजाडताच गेली. इलास चालवतोय, पारी हाय, बाई हायेत." काळुरामनं कप उपडा घातला. "लय भारी दिसत व्हती चालताना."

सरांनी फोन लावला. लतिकाबाईंनी पहिल्याच रिंगला उचलला.

"आम्ही पेण कधीच मागे टाकलं," त्या म्हणाल्या. "घरावरून गेलो, पण थांबले नाही. प्रस्थान घरी परत न्यायचं नसतं, तुम्हीच सांगितलंत. माझी बॅग दोन महिन्यांपूर्वी निघाली आहे. मी तिला गाठलं इतकंच."

"अगं, पण कन्याकुमारी..."

"कन्याकुमारी तुम्ही करून या. आम्ही दुपारी नाशिकला किमयाकडे जेवायला थांबतो." किमया म्हणजे त्यांची लेक. "तिथे चार वाजेपर्यंत वाट बघते. तुमचंही उपरणं गाडीत आहे. म्हणजे शास्त्रानं तुम्हीही निघालेले आहात, यायचे तेवढे राहिलात."

"विलास कुठे झोपणार?" सरांनी विचारलं.

"एका पलंगावर ती दोघं, दुसऱ्यावर मी. टपावर कोणी नाही."

सर संतापले, मग घाबरले, आणि मग त्यांनी खरोखरच पनवेलची एसटी पकडली. तिथून नाशिकची मिळाली असती. त्यांच्या मनात आलंही होतं की बायकोला नाशिकला गाठावं, काही न बोलता पलंगावर जाऊन बसावं. पण एसटी पेणच्या स्टँडवर थांबली आणि कलम नऊ आठवलं. सकाळी गॅस बंद केला होता का? कंडक्टर म्हणाला, दहा मिनिटं थांबते. सर उतरले, रिक्षानं घरी गेले. गॅस बंद होता. पुन्हा चालू करून पुन्हा बंद केला, म्हणजे खात्री. मग खिडक्या बघितल्या, गच्चीचं दार बघितलं. स्टँडवर परत आले तेव्हा एसटी गेलेली होती. दुसरी अर्ध्या तासात होती, पण घड्याळात बघितलं तर चारपर्यंत नाशिक कठीण वाटलं. मंगळवारी भद्रा होती. बुधवारी चंद्र बारावा.

गुरुवारी जेवण झाल्यावर फोन वाजला. व्हिडिओ कॉल होता. पडद्यावर आसावरीताई, फोन नाकाला लागेल इतका जवळ. तिच्या गळ्यात सरांचं उपरणं होतं. शेजारी लतिकाबाई बसल्या होत्या आणि ताईचा एक हात त्यांच्या गालावर होता. बोलताना तो हात तिनं काढला नाही.

"महादेवराव, लती म्हातारी झाली हो," ताई म्हणाली. "मला वाटत होतं अजून तशीच असेल. बरं झालं बघितलं." तिनं उपरणं चाचपलं. "तुम्ही कुठे आहात? तुमचं हेच पुढे आलंय का नुसतं? या ना. अजून दिसतंय थोडं."

बायकोचं तोंड इतकं हसरं त्यांनी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं, आणि ते हसू त्यांच्यामुळे आलेलं नव्हतं. त्यांना लाज वाटली. ते म्हणाले, "येतो ताई. निघतोच आता. फक्त..."

"फक्त म्हणाले ते," लतिकाबाई ताईला म्हणाल्या. "ठेव फोन."

फोन बंद झाला. समोर टेबलावर एकशे एकसष्ट कलमांची यादी होती, शेजारी पंचांग. घड्याळात दोन वाजले होते आणि गुरुवार असल्यामुळे राहुकाळ चालू होता, हे त्यांना पंचांग न उघडताही माहीत होतं. त्यांनी पिशवीत एक लेंगा-सदरा टाकला. चप्पल घातली, दार ओढलं, कुलूप लावलं आणि पायरीवर थांबले. कुलूप काढून आत गेले.

गॅस बघितला. एकदाच.