टर्बोला तेल पाजणारा

मित्रांनो, गाडीचं बॉनेट उघडलं की सगळ्यांची नजर आधी टर्बोवर जाते. "वा! टर्बो बसवलाय!" म्हणून माणसं मोबाइल काढतात आणि त्याचे फोटो घेतात. अहो, पण त्या साहेबांना तेल कोण पाजतं, हे कधी कुणी विचारलंय? मी पाजतो! मी एक जुना ऑइल पाइप आहे. जाडीला तुमच्या करंगळीपेक्षा कमी, लांबीला हातभर, मध्ये एक बाक आणि दोन टोकांना दोन बोल्ट. दिसायला मी काही राजबिंडा नाही, ते मला ठाऊक आहे. स्वभावानं मात्र थोडा तापट आहे. एका बाजूला तापलेलं इंजिन आणि दुसऱ्या बाजूला त्याहून तापलेला टर्बो, अशा शेजारात राहून तुम्हीसुद्धा तापट झाला असता.

टर्बो म्हणजे एक छोटा पंखा. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर तो गरगर फिरतो आणि इंजिनात जास्तीची हवा ढकलतो. मग गाडीला असा दम येतो की विचारू नका. पण फिरता फिरता त्याचा दांडा तापतो. त्याला सतत ताजं तेल लागतं. ते क्षणभर जरी थांबलं, तरी साहेबांची बोंबाबोंब सुरू होते.

माझा जन्म डोंबिवलीतल्या एका लहान कारखान्यात झाला. नळी कापली, वाकवली, टोकं जोडली आणि एका कारागिराने माझ्यातून जोरात हवा मारली. मग मला डोळ्याला लावून तो म्हणाला, "आरपार आहे. जाऊ दे पुढे." माझ्या आयुष्यातलं हे पहिलं कौतुक. त्यानंतर दुसरं मिळायला फार वर्षं जावी लागली.

मला एका पिकअपमध्ये बसवलं. कल्याणच्या बाजारातून भाजी भरायची आणि गावोगावी पोचवायची, हे तिचं काम. कोबी, टोमॅटो, मेथी, सगळ्यांचा भार मी वाहिला असं म्हटलं तर पिकअप रागावेल, पण माझ्याशिवाय तिचं पान हलत नव्हतं एवढं नक्की. तिच्या ड्रायव्हरला मात्र मी आहे हेसुद्धा माहीत नव्हतं. पुढे पिकअप म्हातारी झाली, मोडीत निघाली आणि मी दिवा स्टेशनजवळच्या एका भंगारवाल्याकडे जाऊन पडलो. माझ्या अंगावर एक फुटका सायलेन्सर होता. दिवसभर तो आपल्या जुन्या आवाजाच्या गोष्टी सांगायचा. अगदी जीव नकोसा झाला होता, मित्रांनो!

अशात एक दिवस समिधा आली. कळव्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातली ही मुलगी. डिप्लोमा करून ती डोंबिवलीला भावेशच्या गॅरेजमध्ये काम करत होती. तिने मला उचललं, फडक्याने पुसलं आणि डोळ्याला लावून आभाळाकडे बघितलं.

"भावेश, हा बघ. एकदम आरपार आहे. गंजपण नाही."

"अगं, नवीन मागव ना यार. कशाला हे भंगार?"

"नवीन यायला वेळ लागेल रे. नारळी पौर्णिमा तोंडावर आली. तोपर्यंत हा चालेल."

'तोपर्यंत' हा शब्द मला जरा टोचला. पण सायलेन्सरपासून सुटका होत होती, म्हणून मी तो गिळून टाकला.

आता नारळी पौर्णिमेची भानगड काय होती, ते सांगतो. समिधाचे वडील म्हणजे धाकूकाका, पक्के दर्यावर्दी. मासळी आणि बर्फ वाहायला त्यांच्याकडे एक जुनी जीप होती. काही वर्षांपूर्वी पौर्णिमेला वाड्याचा सोन्याचा नारळ, म्हणजे सोनेरी कागदात सजवलेला मानाचा नारळ, याच जीपमधून वाजतगाजत निघाला. कोळीवाड्यातून मोठ्या रस्त्याला लागताना एक उभा चढ आहे. त्या चढावर जीपने मान टाकली. बेंजो थांबला, नटूनथटून आलेल्या बायांनी पदर खोचले आणि सगळ्यांनी मिळून जीप ढकलत वर नेली. तेव्हापासून नारळासाठी बाहेरचा टेंपो येऊ लागला, आणि धाकूकाका दिसले की कुणीतरी हमखास विचारायचं, "काय धाकू, धक्का मारायचा काय?"

जीप मागच्या अंगणात पडून राहिली. समिधाच्या आईच्या, म्हणजे मंजुळाकाकूंच्या कोंबड्यांनी तिच्या सीटवर संसार थाटला. आणि मग समिधाने ठरवलं की हिला टर्बो बसवायचा. सुट्टीच्या दिवशी भावेश आणि ती जीप उघडून बसायची. मंजुळाकाकू ओरडायच्या, "बाय गो, तुझी गारी बरी होईल तवा होईल, माजं आंगन पार तेलाचं झालं!" धाकूकाका ओट्यावर जाळं विणत बसायचे. पण यंदा गावकीच्या बैठकीत ते उठले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "औंदा नारल माज्या पोरीच्या गारीतूनच जाईल."

झालं! शब्द गेला. यंदाही जीप चढावर थांबली असती तर धाकूकाकांना वाड्यात मान वर करायला जागा उरली नसती. आणि समिधालाही.

मला बसवलं, जीप सुरू झाली आणि टर्बोने अशी शीळ घातली की कोंबड्या कुंपणाबाहेर पळाल्या. सगळं छान होतं. फक्त माझ्या इंजिनकडच्या जोडातून तेलाचा एखादा थेंब पडत होता. तिथे तांब्याचा वॉशर असतो, तो जुना झाला होता. समिधा म्हणाली, "बाबा, मी कल्याणहून नवीन वॉशर आणते. तोवर गाडी चालू नका करू."

गाडी चालू करू नका, असं ती म्हणाली. हात लावू नका, असं ती म्हणाली नाही.

मित्रांनो, पौर्णिमेच्या आधी कोळीवाड्यात होड्यांची डागडुजी चालते. फळ्यांच्या फटीत कापूस ठासायचा, वरून तापवलेली राळ भरायची, मग रंग द्यायचा. धाकूकाका आठवडाभर हेच करत होते. होडीच्या माणसाला गळती बघवत नाही. गळती म्हणजे दर्या आत आला! त्यात लेकीच्या गाडीतून थेंब पडतोय आणि आपण हातावर हात धरून बसायचं? त्यांनी पाना घेतला आणि माझा बोल्ट काढला. त्या बोल्टला आडवं एक छिद्र असतं. तेल इंजिनातून माझ्यात येतं, ते त्याच छिद्रातून.

"हां!" धाकूकाका खूश झाले. "हितूनच गलतंय!"

मी मनातल्या मनात ओरडत होतो, अहो काका, ते भोक नाही, ते माझं तोंड आहे! पण पाइपाचं ऐकतो कोण? त्यांनी कापूस ठासला, वरून राळ भरली, बोटाने गुळगुळीत केली. काम इतकं सुबक केलं की होडीलासुद्धा हेवा वाटला असता. बोल्ट लावला, घट्ट पिळला. थेंब बंद!

समिधा वॉशर घेऊन आली तर जोड कोरडा. तिला वाटलं, भावेशने आवळला असेल. भावेशला वाटलं, हिने आवळला. दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही, आणि धाकूकाका तर रंगाचा डबा घेऊन होडीवर गेले होते.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सकाळी चढावर नेऊन बघायचं ठरलं. गावकीचे उत्तमशेठ आणि चार माणसं मुद्दाम बघायला आली होती. भावेशने गाडी चालू केली. समिधा उघड्या बॉनेटपाशी उभी. टर्बोने शीळ घातली, मग ती शीळ बारीक झाली आणि तिची किंकाळी झाली. पाणी, पाणी करावं तसा तो तेल, तेल करत होता, आणि मी असा घसा आवळलेला! एरवी मला त्याचा कितीही हेवा वाटत असला तरी त्या वेळी मला त्याची फार दया आली.

"बंद कर! भावेश, बंद कर!" समिधा ओरडली.

इंजिन थांबलं. तिने टर्बोकडचं माझं टोक सोडवलं. आत तेलाचा टिपूस नाही. कोरडा ठणठणीत. तिचा चेहरा पांढरा पडला.

उत्तमशेठ हळूच म्हणाले, "धाकू, टेंपो सांगून ठेवू काय?"

समिधाने दुसरा बोल्ट काढला आणि त्यातली राळ नखाने टोकरून बघितली. "ही कुणी भरली?"

"मीच भरली," काका म्हणाले. "एक थेंब पन गलला नाय."

आता काय होणार या विचाराने मी गार पडलो. समिधाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पण तिने तो बोल्ट वडिलांच्या तळहातावर ठेवला आणि विचारलं, "बाबा, आपल्या होडीच्या डिझेलच्या टाकीला झाकण आहे ना? त्याला बारीक भोक असतं. ते बुजवलं तर?"

"इंजिन बंद परेल," काका पटकन म्हणाले. "हवा जायाला नको काय…" आणि ते थांबले. बोल्टकडे बघितलं. मग लेकीकडे बघितलं. "बाय गो! मी टर्बोचा गलाच दाबला!"

मंजुळाकाकू ओट्यावरून म्हणाल्या, "दिसलं भोक की भर राळ! माज्या कानातली भोकं तेवरी ऱ्हायली!" आणि इतका वेळ रडू आवरणारी समिधा खदखदून हसायला लागली. भावेश हसला, उत्तमशेठही हसले. धाकूकाका मात्र हसले नाहीत.

समिधाने टर्बोचा दांडा बोटाने फिरवून बघितला. तो मोकळा फिरत होता. वेळेत थांबवल्यामुळे साहेब वाचले होते. मी मात्र पार बरबटलो होतो. तेलाच्या दाबाने राळ बाकापर्यंत ढकलली गेली होती.

"टाकून दे याला," भावेश म्हणाला. "एक कण जरी आत राहिला ना, टर्बोची वाट लागेल."

मला पुन्हा तो सायलेन्सर दिसू लागला. पण नवीन पाइप सणानंतरच मिळणार होता. तेव्हा धाकूकाका पुढे झाले. "राळ मी भरली, राळ मीच काढनार. जुनी राळ काढल्याबिगर नवी बसत नाय, जलम गेला त्यात माजा."

होड्या रंगवायला आणलेलं टर्पेंटाइन घरात होतंच. काकांनी मला त्यात बुडवून ठेवलं. राळ मऊ पडली की तार घालून ओढायची, पुन्हा बुडवायचं, पुन्हा ओढायची. मला गुदगुल्या व्हायच्या, पण काकांचा चेहरा बघून मी हललो नाही. भावेशने कॉम्प्रेसर आणून हवा मारली. प्रत्येक वेळी काका मला डोळ्याला लावायचे आणि मान हलवून पुन्हा बुडवायचे. शेवटी त्यांनी मला समिधाकडे दिलं. "तू बग."

तिने बघितलं. "आरपार आहे, बाबा."

नवीन वॉशर लागले. टर्बोकडचं टोक मोकळं ठेवून, इंजिन चालू न करता तिने नुसता स्टार्टर फिरवला. माझ्यातून सोनेरी, स्वच्छ तेल आलं आणि खाली धरलेल्या वाटीत पडलं. मगच तिने मला पक्कं जोडलं.

दुसऱ्या दिवशी काय थाट होता म्हणून सांगू! बाया हिरव्या साड्या नेसून, वेण्या माळून आल्या होत्या. बेंजो वाजत होता. जीपवर सोन्याचा नारळ ठेवला होता. धाकूकाका झेंडूचं भलंमोठं तोरण घेऊन आले आणि गाडीच्या तोंडावरच्या जाळीवर बांधायला वाकले. तिथेच थांबले. सगळा वाडा बघत होता. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात कुणाला विचारून काही केलं नव्हतं, तो माणूस मोठ्याने म्हणाला,

"समिधा, हिकरं बांधू काय? काय बुजनार तं नाय ना?"

बेंजोवालासुद्धा थांबला. समिधाने जाळीवर हात ठेवला. मग ती म्हणाली, "तिथून हवा जाते, बाबा. वर बांधा, काचेच्या वर."

काकांनी तोरण वर बांधलं. एक जणही हसला नाही. समिधा स्टिअरिंगवर बसली आणि शेजारी नारळ सांभाळत काका. चढ आला. टर्बोने शीळ घातली, माझ्यातून तेल झुळझुळ वाहत होतं आणि जीप तो चढ अशी चढली की मागची मंडळी पळत सुटली. उत्तमशेठ धापा टाकत ओरडले, "धाकू, जरा हलू! आमाला धक्का मार आता!" मित्रांनो, त्या दिवशी मी रडलो असतो, पण माझ्यातून बाहेर एक थेंबही येऊ द्यायचा नव्हता.

सणानंतर नवीन पाइप आला. 'तोपर्यंत' संपलं. पण मी भंगारात गेलो नाही. धाकूकाकांनी मला ओट्यावर, जाळं विणायच्या सुयांशेजारी खिळ्याला टांगलं आहे. वाड्यातली पोरं मला काढतात आणि माझ्यातून खाडी बघतात.

मित्रांनो, आमच्यासारख्या लहान वस्तूंची काळजी घ्या. आमची जोडणी वेळेवर तपासा, वॉशर जुने वापरू नका. पण नुसती माया उपयोगाची नाही बरं! काकांनी मला मायेनेच बुजवलं होतं. काळजी घेण्याआधी एकदा विचारा. काकांना आता तीच सवय लागली आहे. परवा मंजुळाकाकूंच्या कुकरच्या झाकणावरचं भोक त्यांनी बराच वेळ न्याहाळलं, हातातली राळ खाली ठेवली आणि आत हाक मारली, "मंजुळा, हे कशाला हाय गो?"